लाव्हा, पाट आणि ऊस: मदेइराहून भंडारदऱ्याला

आजचा भाग पार अटलांटिक महासागरातून सुरू होतो आणि माझ्या आजीच्या हंड्यापाशी येऊन थांबतो. त्यामुळे हेडफोन नीट लावा. जे ऐकायच्या ऐवजी वाचतायत त्यांना एवढंच सांगतो, बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर झालं असं, की मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे लिस्बनला होतो. काम म्हणजे नेहमीचंच, दिवसभर मीटिंग आणि रात्री डिप्लॉयमेंट. शेवटी चार दिवस मोकळे मिळाले, तर टीममधल्या पोरांनी मदेइराची तिकिटं काढली. मला तोपर्यंत मदेइराबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, रोनाल्डो तिथला. फुंशाल या गावच्या विमानतळालासुद्धा त्याचंच नाव दिलंय. तिथली धावपट्टी काही भागात खांबांवर उभी केलीय, कारण बेटावर सपाट जागाच नाही. विमान वळतं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि सगळे प्रवासी गप्प.

बेट पोर्तुगालचं, पण किनारा जवळचा आफ्रिकेचा. आकार साधारण 740 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अकोले तालुक्यापेक्षाही लहान. समुद्राच्या तळातून ज्वालामुखी लाखो वर्षं लाव्हा ओतत राहिला, थरावर थर चढले, आणि त्याचं जे टोक पाण्याबाहेर आलं ते हे बेट. सगळ्यात उंच शिखर पिको रुइव्हो, 1862 मीटर. कळसूबाई 1646 मीटर. मी हे लगेच मोबाइलवर तपासलं, अकोल्याचा माणूस दुसरं काय तपासणार!

दुसऱ्या दिवशी आम्ही चालायला गेलो. तिथली चालायची वाट म्हणजे काय, तर पाण्याच्या पाटाची कड. या पाटांना ते लोक लेवादा म्हणतात. डोंगराच्या कुशीला चिकटून दगडात खोदलेला, बांधून काढलेला फूट-दोन फूट रुंदीचा पाट, त्यात काचेसारखं पाणी, आणि बाजूला एका माणसापुरती वाट. कुठे कुठे पाट बोगद्यात शिरतो, मग मोबाइलचा टॉर्च लावून वाकून चालायचं. एका बाजूला काळा ओला कातळ, त्यावर शेवाळ आणि नेचे, दुसऱ्या बाजूला सरळ दरी. मी तीन-चार किलोमीटर चाललो असेन, आणि थांबलोच. कातळावर हात ठेवला. तोच रंग, तोच खरखरीतपणा, बारीक बारीक भोकं असलेला तोच थर. रतनवाडीच्या वाटेवर पावसाळ्यात अगदी असंच दिसतं.

[इथे पाटाचा आवाज आहे, मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. वाचणाऱ्यांनी कल्पना करा.]

दगड तोच असण्यात चमत्कार काही नाही. दोन्हीकडे बेसॉल्टच. फक्त मदेइराचा ज्वालामुखी काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत जागा होता, आणि आपला सह्याद्री ज्यातून कोरला गेला तो लाव्हा साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉर संपायच्या आसपासचा काळ. आपल्याकडे एक टोकदार डोंगर फुटला असं झालं नाही. जमिनीला लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, एकावर एक. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. भूगोलाच्या पुस्तकात 'डेक्कन ट्रॅप' वाचलेलं आठवतंय? त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे, स्वीडिश भाषेतली पायरी. मला हे बीटेक झाल्यावर कळलं, तोपर्यंत मी सापळाच समजत होतो.

लाव्ह्याचं पुरे. मला अडकवून ठेवलं ते पाटाने. एवढा खर्च, एवढी मेहनत करून हे पाणी नेमकं जातं कुठे?

मदेइरात उत्तरेकडे ढग अडकतात, पाऊस तिकडे जास्त. दक्षिण बाजू कोरडी, उन्हाची, आणि तिथेच शेती चांगली पिकते. पोर्तुगीज खलाशी 1419-20 च्या सुमारास इथे उतरले तेव्हा बेटावर माणूस नव्हता, नुसतं जंगल. मदेइरा म्हणजेच लाकूड. त्यांनी जंगल जाळलं, तोडलं, उतारावर दगडी बांध घालून पायऱ्यांची शेतं केली, आणि त्यात लावला ऊस. उसाला पाणी लागतं. पाणी उत्तरेला, ऊस दक्षिणेला. म्हणून पाट.

हे पाट खोदणाऱ्यांत गुलाम होते. कॅनरी बेटांवरून पकडून आणलेले तिथले मूळ रहिवासी, आफ्रिकेतून आणलेली माणसं. काही ठिकाणी वरून दोरीला टोपली बांधून माणूस कड्यावर सोडायचे आणि तो लोंबकळत कातळ फोडायचा. पुढच्या काही शतकांत पाट वाढत गेले, विसाव्या शतकात सरकारने मोठे पाट बांधले, आणि आज सगळे मिळून हजार किलोमीटरच्या वर भरतात. या एवढ्याशा बेटावर!

साखरेने बेट श्रीमंत झालं. 1500 च्या आसपास युरोपात साखर पुरवणारं मोठं ठिकाण हेच. कोलंबस अमेरिकेला जायच्या बऱ्याच आधी, 1478 मध्ये, साखर खरेदीसाठी इथे आला होता. फुंशाल शहराच्या चिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत. तिथल्या एका संग्रहालयात जुनी फ्लेमिश चित्रं आहेत, मोठमोठी, सोनेरी. साखर उत्तरेला गेली आणि बदल्यात चित्रं आली. मग रस उकळायला लाकूड संपत आलं, ब्राझीलची साखर स्वस्त पडू लागली, आणि धंदा बसला. लोक द्राक्षांकडे वळले. उरलेल्या मूळ जंगलाला 1999 पासून युनेस्कोच्या यादीत जागा आहे, आणि आपण तिथे सेल्फी काढतो.

आता एक शब्द सांगतो, त्यासाठीच खरं तर हा भाग केला. पाटावर एक माणूस असतो, त्याला म्हणतात लेवादेइरो. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, कुणाची पाळी कधी, दार कधी उघडायचं, कधी बंद करायचं, हे तो बघतो. आमच्या वाटाड्याने हे सांगितलं, आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अरे, हा तर पाटकरी!" त्याला काही कळलं नाही. टीममधल्या दिल्लीच्या पोरालाही नाही. पण प्रवरेच्या काठचा कुणीही ऐकत असेल तर त्याला कळलं असेल. आपल्याकडे आवर्तन सुटतं, चारीला पाणी येतं, पाळी चुकली की भांडण होतं, आणि पाटकऱ्याला चहा पाजावा लागतो. सगळं तेच.

मदेइरात पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा होऊन बसला होता. म्हणजे शेत एकाचं आणि पाणी भलत्याचंच, असंही व्हायचं. 1962 मध्ये पोंता दो सोल भागातल्या लोकांनी आपल्या पाटाचं पाणी सरकारने ताब्यात घेऊ नये म्हणून पाटावर ठिय्या दिला. पोलिसांची गोळी लागून एक तरुण मुलगी गेली. त्याच पोंता दो सोलमध्ये आता लॅपटॉपवाल्या लोकांसाठी खास वस्ती केलीय, घरून काम करणारे जगभरातून येऊन राहतात. आम्हीही तिथे एक दिवस बसलो. वायफाय मस्त होतं.

जेवणाबद्दल नाही सांगितलं तर तुम्ही सोडणार नाही. एक काळा, लांबलचक, खोल समुद्रातला मासा मिळतो, आणि त्याच्यावर तळलेलं केळं ठेवून देतात. मी बघूनच नाही म्हणणार होतो, पण खाल्लं, आणि खरंच चांगलं लागलं. पोंचा नावाचं पेय उसाच्या दारूचं, त्यात मध आणि लिंबू. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही, आई ऐकते हा पॉडकास्ट. पण मला आवडली ती एक जाड, गोल भाकरीसारखी पोळी, बोलो दो काको. गव्हाच्या पिठात रताळं कुस्करून घालतात. 'काको' म्हणजे ती भाजायचा सपाट दगड, पूर्वी बेसॉल्टचाच असायचा. रताळ्याला ते म्हणतात 'बताता दोसे', गोड बटाटा. आपला बटाटा त्यांच्याकडूनच आलाय, पगार, चावी, साबण, घमेलं यांच्यासारखा. आणि दगड? आपलं जातं, पाटा-वरवंटा, उखळ, सगळं त्याच काळ्या दगडाचं. लाव्ह्यावर भाजलेली त्यांची पोळी, लाव्ह्यात दळलेली आपली नाचणी.

इथपर्यंत मजा होती. परत आल्यावर मे महिन्यात आजीकडे गेलो, आणि गोष्ट उलटी फिरली.

माझ्या आईचं माहेर भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही. हा अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा, घाटघर, साम्रद, रतनवाडी, उडदावणे. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, चांगल्या वर्षी 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे 500 मिलिमीटर पडला तरी लोक खूश. म्हणजे मदेइरासारखंच, एका बाजूला ढग अडकतात आणि दुसरी बाजू वाट बघते.

पण हा पाऊस चार महिन्यांचा, आणि खाली कातळ. आपला जुना बेसॉल्ट घट्ट आहे, पाणी फारसं आत घेत नाही. उतार तीव्र, माती पातळ. पडलेला पाऊस तासाभरात ओढ्यात, ओढ्यातून नदीत. दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये जिथे लाल मातीचा पट्टा असतो तिथून झरे फुटतात, आणि वाडीची जुनी विहीर बहुतेक अशाच झऱ्यावर असते. मार्चपर्यंत ती टिकते. पुढे हंडे, रांग, आणि टँकर.

दगड पाणी आत घेत नाही, ही गोष्ट इथल्या जुन्या माणसांना नक्की ठाऊक होती, आणि त्यांनी ती उलटी वापरली. आत घेत नाही म्हणजे बाहेरही सोडत नाही. म्हणून किल्ल्यांवर टाकी खोदली. रतनगडावर जा, कुलंगवर जा, हरिश्चंद्रगडावर जा, कातळात चौकोनी टाकी दिसतील, आणि काहींत एप्रिलमध्येही गार पाणी असतं. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेपर्यंत बर्फासारखं पाणी, आणि चारपैकी एकच खांब शिल्लक. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर हजारेक वर्षांपूर्वीचं, शिलाहार राजा झंझ याने बांधलं असं मानतात. त्याच्याजवळच कोरीव पुष्करणी आहे, आणि पावसाळ्यात गाभाऱ्यातच पाणी भरतं. आपण त्या पुष्करणीचे फोटो काढतो आणि 'हिडन जेम' लिहितो. ती पाणी साठवायची जागा आहे, हे मी स्वतः कित्येक वर्षं लक्षातच घेतलं नव्हतं. अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, ज्यांनी समुद्र पिऊन टाकला तेच अगस्ती. पाण्याची गोष्ट या तालुक्यात कुठूनही सुरू करा, जुनीच निघते.

मग इंग्रज आले. 1818 नंतर किल्ले गेले, किल्ल्यांच्या राखणीवर जगणाऱ्या महादेव कोळी घराण्यांचे हक्क गेले, वर सावकार बसले. देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी याच डोंगरांतून बंड केलं आणि 2 मे 1848 ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्यावर वेगळा भाग करायचाय, इथे घाईत उरकत नाही.

आणि मग धरण. 1910 मध्ये काम सुरू, 1926 मध्ये पूर्ण. नाव विल्सन डॅम, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून. उंची सुमारे 82 मीटर, सगळं दगडी बांधकाम, त्या काळातल्या देशातल्या सगळ्यात उंच धरणांपैकी एक. इंजिनिअर म्हणून सांगतो, भिंतीसमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. साठा साधारण 11 टीएमसी. आजीच्या सासऱ्यांच्या वडिलांचं भाताचं शेत या पाण्याखाली गेलं असं घरात सांगतात. कागद कुणाकडे नाही, पण आजी अजून तलावाकडे बोट करून "तिथं आपली आवणी व्हायची" म्हणते. आवणी म्हणजे भातलावणी.

आता हे पाणी कुठे जातं ते बघा. धरणातून प्रवरा अकोले तालुक्यातून वाहत जाते. तिचे मोठे कालवे, डावा आणि उजवा, सुरू होतात ओझरच्या बंधाऱ्यापासून, आणि ओझर आहे संगमनेर तालुक्यात. म्हणजे नदी अकोल्यातून बाहेर पडल्यावर. कालव्यांच्या पाण्यावर खाली ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना झाला, आणि 1950 च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना! महाराष्ट्राच्या राजकारणाचा चेहरा त्याने बदलला. त्यात गुलाम नव्हते, चाबूक नव्हता, हे मी आवर्जून सांगतो, कारण मदेइराशी तुलना करताना हे विसरलं तर ते खोटं होईल. माझे स्वतःचे वडील अशाच एका कालव्याच्या भागात नोकरीला होते, माझी फी त्याच पैशातून गेली. पण लाव्ह्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस पाटाने लांब नेऊन उसाला द्यायचा, हा नकाशा तोच आहे. पाचशे वर्षांचं अंतर, नकाशा एक.

सिंचनाच्या भाषेत 'हेड' आणि 'टेल' असे दोन शब्द आहेत. कालव्याच्या सुरुवातीचा शेतकरी हेडचा, शेवटचा टेलचा. टेलला पाणी पोचत नाही ही नेहमीची तक्रार. आमच्याकडे टेलच्याही पलीकडचा प्रकार, हेडच्या वरती असलेला माणूस कोरडा. तलाव खाली दिसतो आणि वाडी वर आहे.

अकोल्याने आपल्या वाट्यासाठी आंदोलनं केली. खाली निळवंडे धरण झालं, त्याची कल्पना 1970 सालची, आणि लोकार्पण झालं 26 ऑक्टोबर 2023 ला. माझ्या आईच्या लहानपणापासून ते 'होणार' होतं. त्यातच मराठवाड्याचा जायकवाडीसाठी हक्क आहे, समन्यायी वाटपाचा 2005 चा कायदा आहे, आणि त्यांची तहानही खरीच. दुष्काळी वर्षात वरून पाणी सोडलं की नगरमध्ये आंदोलन, नाही सोडलं तर तिकडे. घाटघरला तर डोंगराची बॅटरी केलीय, 250 मेगावॉटचा प्रकल्प. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी घाटाखाली चोंढ्याला सोडून वीज करायची, मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. इंजिनिअर म्हणून मला ते भारीच वाटतं. पाणी शेकडो मीटर वर चढवता येतं, हे त्याने सिद्ध झालंय. वाडीपर्यंत चढवायचं तेवढं राहिलंय.

मी गेलो तेव्हा तलावाच्या काठाला तंबूच तंबू होते. काजव्यांचा सीझन सुरू होत होता, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. यात वाडीतल्या पोरांना चार पैसे मिळतात, जेवण करून देतात, वाटाडे म्हणून जातात, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. पण बऱ्याच ताटांत पनीर होतं. आजीच्या घरात त्या दिवशी हुलग्याची शेंगोळी आणि काळभाताचा भात होता. काळभात म्हणजे इथलं जुनं, सुवासिक भाताचं वाण. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी अशीच जुनी बियाणी जपली, वाटली. हे वाण या उताराचं, या पावसाचं आहे. त्याला कालवा लागत नाही. आलात तर तंबूवाल्याला आधीच सांगून ठेवा, काळभात आणि नाचणीची भाकरी हवी म्हणून. तो हसेल, पण करेल.

रात्री आजीला मी मदेइराचा व्हिडिओ दाखवला. पाट, पाणी, कड्याच्या कडेने चालणारी रंगीत जॅकेटवाली माणसं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. दगड लगेच ओळखला, "ह्यो आपलाच काताळ." मग बराच वेळ बघत राहिली.

"ही मान्सं पाटाच्या कडंनं कुठं चाललीत?"

"कुठं नाही आजी, फिरायला."

"रिकामीच? हंडा नाय, काय नाय?"

मी म्हटलं, नाही. तिने मोबाइल परत दिला आणि सकाळी टँकर किती वाजता येणार ते मामीला विचारलं. सात वाजता, मामी म्हणाली. मी गजर साडेसहाचा लावला. रांगेत आमचा नंबर चौदावा लागला.